जाताना बोगदा, येताना घाट

रविवारचा रस्ता धरायचा नाही,
मुजावरभाई म्हणाले, डबा उघडता उघडता.
रविवारी रस्ता पाहुण्यासारखा वागतो.
मंगळवारी जा. शिफ्ट सुटल्यावर,
उसाच्या ट्रॉल्या निघाल्या की.

अकरा वर्षं ते सातारा-शिरवळ करतात.
पाचवडच्या चहावाल्याला चष्मा कधी लागला
ते त्यांना माहीत आहे.
भुईंजच्या पुलावर धुकं कुठल्या बाजूने चढतं, तेही.
समोरच्या बिऱ्हाडाचं आडनाव मात्र
परवा कळलं, लग्नपत्रिकेवरून.

विलासची बदली झाली, साताऱ्याच्या कॉलेजात, ग्रंथालयात.
माझी प्रयोगशाळा शिरवळलाच राहणार
तिच्या वासासकट.
दोघांपैकी एकालाच गाडी येते.
म्हणजे हिशोब माझा.

वही घेतली. मधोमध रेघ.
जाऊन-येऊन एकशे सोळा.
सव्वीस दिवस धरले.
सीएनजी, आणि सीएनजीच्या रांगेतली पंधरा मिनिटं
जी पावतीवर छापून येत नाहीत.
आनेवाडीचा टोल. टायर.
महिन्याला पासष्ट तास पट्ट्यात बांधलेली मी.
केतकीने वर्षाचं गुणून बघितलं, म्हणाली,
आई, पृथ्वीला फेरी मारायला थोडंच कमी पडतंय.

पृथ्वीला फेरी,
आणि पोचायचं कुठे, तर गोडोलीत.

रेघेच्या पलीकडे
विलास पायी कामावर जाईल.
केतकीला बॅडमिंटनचं खरं कोर्ट मिळेल,
पार्किंगमध्ये खडूने आखलेलं नव्हे.
त्या बाजूला आकडेच येईनात.
पेन टेकवून बसले, तेवढा शाईचा ठिपका.

आणि एक गोष्ट तर कुठल्याच बाजूला बसेना.
जाताना बोगदा आहे, येताना घाट.
सकाळी ताज्या माणसाला डोंगर आरपार सोडतो
आणि संध्याकाळी दमलेल्याला म्हणतो,
आता चढ.
ज्याने हे आखलं
त्याला कंपनीतून घरी यायचं नसणार.

मंगळवारी निघालो तिघं. केतकीने स्टॉपवॉच लावलं.
खंडाळ्याच्या पुढे एक ट्रक आडवा नाही, उभाच,
पण चालतोय की विचार करतोय कळेना.
त्याच्या पाठीवरचा मोबाइल नंबर मला पाठ झाला.
विलास शेजारी बसून
प्रत्येक वळणावर
नसलेला ब्रेक दाबत होता.

मग घाट संपला. वेळे, सुरूर.
दोघंही झोपले.
काचेबाहेर दिवे लागायच्या आधीचा तो मळकट निळा.
कबूल करते, मला बरं वाटलं.
या तासात कुणी विचारणार नव्हतं
जिऱ्याचा डबा कुठाय.
हे वहीत लिहायचं कुठे?
खर्चात धरायचं की जमेत?

लिंबखिंड. वाढे फाटा. गोडोली.
एजंट बर्गे गेटवर किल्ल्या वाजवत उभे.
विलास वर गेला, फ्लॅट बघायला.
मी म्हटलं, आलेच.

किल्ली फिरवली. इंजिन गप्प झालं.
तेव्हा आठवलं, मुजावरभाईंनी
डबा धुताना पाठमोरं सांगितलेलं:
किलोमीटर सोडा हो.
गाडी बंद केल्यावर किती वेळ आतच बसून राहता
ते मोजा.
माझी आठ मिनिटं होतात.
घरी वाटतं, फोनवर असेन.

हात स्टिअरिंगवर तसेच.
बॉनेट टकटक करत निवत होतं.
वरच्या मजल्यावर एकेका खोलीत दिवा लागला, विझला,
पुढच्या खोलीत लागला.

केतकीने काचेवर बोट वाजवलं.
आई, चल ना. ओट्यापाशी उभं राहिलं की किल्ला दिसतो.
तिच्या दुसऱ्या हातात फोन,
आकडे अजून पळत होते.
बंद केलंच नव्हतंस का?
तू उतरली कुठे होतीस?

एक तास चोवीस मिनिटं.
जिन्यात, भिंतीला वही टेकवून,
तिने पुरा आकडा लिहिला.

मी खोडला नाही.