चॅनल तीन

मुहर्रकमधल्या एका जुन्या मोती-व्यापाऱ्याच्या घरात
आता दर मंगळवारी व्याख्यान असतं.
दारापाशी माझं टेबल.
भाषांतराचं कानयंत्र हवं, तर ओळखपत्र ठेवायचं.
म्हणून दीड तास
एक राजदूत, दोन निवृत्त मंत्री, बँकेतल्या बाया
माझ्या खणात एकमेकांवर पडून असतात,
कुणीच हसत नाही.

एकवर अरबी. दोनवर इंग्रजी.
तीन रिकामा,
कधी फ्रेंच पाहुणे आले तर, म्हणून.

जासिम बू-खलफ, वय शहात्तर,
ज्याच्या बापानं याच घरासाठी बुड्या मारल्या,
येतो, ओळखपत्र देतो, तीन बोटं दाखवतो.
मी पहिल्यांदा सांगितलं, तीनवर कुणी नसतं.
ठाऊक आहे, म्हणाला.
दोन्ही भाषा येतात मला.
काय बोलणार, तेही येतं.

परतूरच्या वाचनालयात माझे वडील शिपाई होते.
मे महिन्यात व्याख्यानमाला: सात दिवस, सहा वक्ते,
सातवा दरसाल एसटी चुकवायचा.
वडील सतरंज्या झटकत, तांब्याभांडं घासत,
माईकवर फुंकर मारून म्हणत, हॅलो.
भरल्या सभेपुढे ते आयुष्यभर
एवढंच बोलले.
शेवटी आभारप्रदर्शन, भाषणाहून लांब.
मंडपवाल्याचं नाव येई, बर्फवाल्याचंही.
मग ‘आणि ज्ञात-अज्ञात सर्वांचे’,
की लोक चपला शोधायला उठत.
वडील त्या अज्ञातांत उभे असत,
घड्या घालायच्या सतरंज्यांकडे बघत.

फेब्रुवारीत ऑस्लोहून एक बाई आल्या.
विषय: समुद्र कुणाचा?
काचेच्या खोलीत इब्तिसाम
बसलेल्या घशानं अरबी करत होती.
म्हणाली, शेजारी बस, पाणी देत जा.
माझ्यापुढे तीनचं बटण.
ते दाबलं गेलं की मी दाबलं, आता सांगता येणार नाही.

बाई बोलत होत्या आणि मी मराठीत निघालो.
सार्वभौमत्व जमलं, नागरिकशास्त्रात दोन गुणांना होतं.
सामुद्रधुनी हा शब्द
भूगोलाच्या तासानंतर तीस वर्षांनी तोंडात आला,
कुठेही गंजलेला नव्हता.
पुरवठ्याची साखळी म्हणालो
आणि उगाच सोनाराचं दुकान दिसलं.
‘हितसंबंधी घटक’पाशी मात्र अडलो.
बाई तीन वाक्यं पुढे गेल्या.
ती तीन मीच घातली:
समुद्राला कंत्राट नसतं, बाई,
आम्हाला असतं, दोन वर्षांचं,
आणि तेही ज्या भाषेत सही केली तिच्यात वाचता येत नाही.

तिसऱ्या रांगेत जासिम ताठ झाला.
हात कानाकडे गेला.
यंत्र काढलं नाही.

प्रश्नोत्तरं झाली, म्हणजे
प्रश्न कमी, विचारणाऱ्यांची आत्मचरित्रं जास्त.
अध्यक्षांनी दोन बँकांचे आणि एका विमान कंपनीचे आभार मानले.
टाळ्या.
तीन अजून चालूच होता.
मी घसा साफ केला.

खुर्च्या मांडणारा खड्गबहादूर.
करक चहावाला शिहाबुद्दीन,
ज्यानं वेलची स्वतःच्या पैशानं घातली.
इब्तिसाम, जिला उद्या सुट्टी मिळायला हवी.
वीज, गेली नाही म्हणून.
आणि परतूरचे भिकाजी लक्ष्मण सोनटक्के.
त्यांच्यापुढे काय म्हणायचं ते सुचलं नाही.
नाव पुन्हा एकदा घेतलं.
मग हॅलो म्हणालो,
आणि बटण सोडलं.

माणसं आपापले चेहरे घेऊन गेली.
जासिम शेवटी आला.
यंत्र बाहीला पुसून ठेवलं, ओळखपत्र उचललं,
दाराकडे वळला, परत आला.

‘शिहाबुद्दीन कळला,’ म्हणाला.
‘इब्तिसाम कळली.
भिकाजी कोण?’