पांढरी चार

दर दोन महिन्यांनी, सोमवारी,
म्युझियम बंद असतं तेव्हा मी येतो.
गावदेवीच्या चढावर, दुसरा मजला.
पितळी पाटीवर मथुराबाई सावईकर,
खाली जन्मसाल, दोन वर्षांनी चुकलेलं.
ते बाईंनीच चुकवलं होतं, पासपोर्टच्या वेळी.

अश्लेषा कुलूप काढते, चपला बाहेर म्हणते.
बाई म्हणायच्या, हैदर, आधी पोहे खा,
उपाशी हातानं तार कापते रे.

आता लाल मखमली दोरी आहे.
दोरीपलीकडे झोपाळा. तो बाईंचा नव्हे,
ट्रस्टनं चोरबाजारातून आणला.
बाईंची खुर्ची नायलॉनच्या पट्ट्यांची होती,
आणि एक फ्रीज, ज्याचं दार लावायला गुडघा लागायचा.
फ्रीज कोण ठेवतं जपून?
पण त्याच्याच घरघरीवर कान देऊन त्या म्हणाल्या होत्या,
ऐक, हा मेला माझ्या षड्जाला कोमल निषाद धरतो.

काच सरकवतो.
जोडीतला मोठा तंबोरा, माझ्या आज्यानं मिरजेत बांधलेला.
नियम असा, की एरवी तारा सैल, लाकडाला ताण नको.
मी यायचं, चढवायच्या, घोडीवर धागा सरकवायचा,
बोलतो का बघायचं, उतरवायच्या, वहीत ‘ठीक’ लिहायचं.
त्या धाग्याला आम्ही जीव म्हणतो.
अश्लेषाला सांगितलं तर ती हसली,
मग एकदम हसायची थांबली.

कार्डावर छापलंय : स्वर काळी पाच.
शेजारच्या खोलीत बटण दाबलं की
त्याच काळी पाचातला भूप, चाळीस सेकंद,
संपला की पुन्हा पहिल्यापासून.
तेवढं चढवतो. तंबोरा बोलतो. काही तक्रार नाही.

खरं काम उतरवताना.
खुंटी जराशी मागे : काळी चार.
दौऱ्यावरून परतलेल्या बाई,
घसा बसलाय, थंडीचा आहे, म्हणणाऱ्या.
आणखी मागे. इथे कुठेतरी त्यांची लेक गेली.
सहा महिने तंबोऱ्यावर खोळ होती.
आणखी.
पांढरी चार.

सत्तरीनंतर बाई इथे उतरल्या.
दार लावलं, खिडक्याही लावल्या,
मेल्या, बाहेर बोललास तर बघ, म्हणाल्या,
आणि त्या खालच्या, खरबरीत सुरात
असं काही गायल्या
की जवारीची कानस माझ्या हातातच राहिली,
बशीतले पोहे गार.

त्याचं रेकॉर्डिंग नाही.
मी बोललो नाही कुठे.
फक्त दर दोन महिन्यांनी
चार तारा तिथे आणून ठेवतो,
छेडत बसतो थोडा वेळ.
खाली केनेडी ब्रिजकडे वळणाऱ्या टॅक्सीचा हॉर्न
कधी कधी जवळपास जुळतो.

झालं का चाचा? अश्लेषा दारातून.
झालं.

तारा सैल करतो, लाकडावर लोळतात.
धागा काढून पाकिटात ठेवतो.
वहीत लिहितो, ठीक.