दोन कणकी

शनिवारी रात्री हे ओट्याशी उभे राहून मळतात:
कणीक, शेंगदाण्याची पेंड, बडीशेप,
माझ्या हिंगाची अर्धी डबी.
सत्तावीस वर्षांत पोळीच्या कणकेला
हात लागला नाही यांचा.
ही मात्र कानाच्या पाळीसारखी मऊ हवी,
नाहीतर रोहू चोखून सोडून देतो, म्हणे.

फ्रिजमध्ये दोन डबे. निळा तलावाचा, पांढरा आमचा.
गळ चारूच्या जुन्या कंपासपेटीत,
झाकणावर अजून तिचा रोल नंबर.
चारू बंगळुरात. फोन रविवारी अकराला,
तेव्हा हे बिलावलीच्या काठावर
मोरपिसाच्या तरंगीकडे बघत.
"बाबा कुठेत?"
"तलावावर."
"बरं."

त्या रविवारी पहाटे वीज गेलेली.
हे अंधारातच पांढरा डबा घेऊन गेले.
मी निळ्यातल्या पोळ्या लाटल्या,
वास आला तेव्हा सात झाल्या होत्या.
टाकवेनात.

एकला आले. पिशवी कोरडी.
"आज शिवलंसुद्धा नाही कुणी."
ताटावर बसले, पहिला घास घेतला,
चावता चावता थांबले.
मी शेवेच्या बरणीकडे बघत राहिले.

"चारूचा आला होता?"
"हो."
"अजून एक वाढ," म्हणाले,
"आणि लाव तिला फोन."