खालची माती

उल्हासच्या काठाला, रायत्याच्या अलीकडे,
आम्ही गाळात पाइप ठोकत होतो.
दीड मीटरवर अडला.
"तिथं खापर आसंल," भट्टीवरची फसाबाई हिलम म्हणाली,
पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभी.
"ढोसू नका. बाजूनं घ्या."

पाइप चिरला तेव्हा नदी आडवी पडली
जुन्या पेपरावर, ओली, रेघारेघांची.
मी फूटपट्टी लावली. तिनं अंगठा.
हा पूर. हापन पूरच, पन हलका, मळई देऊन गेलेला.
हितं रेती जाड, वरचा डोंगर कुनी बोडका केला तवाची.
हा काळा ठिपका राबाचा.
"आणि सव्वीस जुलै?"
तिनं एका थरावर चार बोटं ठेवली
आणि बराच वेळ उचलली नाहीत.
"ह्याच्यात आमचं झोपडं हाय."

त्याच्या वर पिशवीची चिंधी,
तिच्या वर निळसर काळं काही,
मी वहीत लिहिलं: रंग, पोत, वास.
तिनं नुसतं तोंड वाकडं केलं.
"ही इटेला चालत न्हाई. तडकती."

मग चांगली?
"ती खालची. कवाच गेली."
हात कल्याणकडच्या टॉवरांकडे.

तिथं कुठल्यातरी मजल्यावर,
कुणाच्या देव्हाऱ्यामागे,
शे-दोनशे पावसाळे
भाजून, रचून, वर गिलावा देऊन
बसवलेत. उलटसुलट क्रमानं.

पिशवीवर तारीख घालायची होती.
मी आजचीच घातली.