चुन्याचे दगड

दसऱ्यानंतर समुद्र जरा निवला की
मी चुन्याची बादली घेऊन बेटावर जाते.
बेटाला कागदावर नाव आहे,
आम्ही नुसतं 'भायर' म्हणतो.
दोनशे बारा दगड. मोजून,
कारण मजुरी दगडावर आहे,
दिवसावर नाही.

वाट म्हणजे एवढंच:
डावीकडे एक पांढरा, उजवीकडे एक पांढरा,
मधून माणसाने चालायचं.
दगडांपलीकडे मर्यादवेल पसरलेली,
नाव तेच आणि कामही तेच,
पण शहरातून आलेल्यांना वेल वाचता येत नाही,
म्हणून चुना.

धक्का नाही. खडपावर उडी मारायची,
एक लाट सरली की, दुसरी यायच्या आत.
"उजवा पाय आधी, ताई. कालवांवर नको, कापतात."
मग कातळ, मग कुसळं झालेलं गवत,
पावसाच्या उरल्या पाण्याचं एक कुंड
आणि वरची सपाटी, जिथून निवती, भोगवे
कुणीतरी विसरून गेल्यासारखी दिसतात.
परवा एकाने विचारलं, ही वाट जाते कुठे?
म्हटलं, "खंयच नाय. फिरान हयच येता."

सासरा होडीतच बसून असतो.
बाबल मेतर. नांगर टाकतो, विडी पेटवतो,
बेटाकडे पाठ.
लोकांना वाटतं, गुडघे गेले.
गुडघे गेलेच आहेत.
पण त्याची वाट ही नव्हतीच कधी.
ती रात्रीची होती, काथ्याच्या दोराची,
घळीत उतरणारी,
पाकोळ्यांच्या टकटकीवरून हात पोचवणारी.
थुंकीने बांधलेलं घर, वाटीएवढं.
सुरीने सोडवायचं.
आत काही असलं तर ते खाली, पाण्यात.
व्यापारी वेंगुर्ल्याच्या लॉजवर,
सोनाराचा तराजू घेऊन.

माझ्या गळ्यातल्या दोन वाट्या
त्यातल्याच एका हंगामाच्या.
लग्नानंतर सात वर्षांनी कळलं मला,
घळीच्या तोंडाशी 'प्रवेश बंद'ची पाटी ठोकताना.
खिळे होडीतून त्यानेच वर फेकले,
एकेक करून, आणि एकेक करून बोलला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटची फेरी.
पुढे बेट बंद, माणसांना.
मी एकटीच वर गेले, साखळी लावायला,
आणि एकशे चाळीस नि एकेचाळीसच्या मधे
अंडं.
काडी नाही, पीस नाही,
उघड्या कातळावर कातळासारखंच,
फक्त ठिपके कुणी जरा मन लावून दिलेले.
सुरय डोक्यावर ओरडत होती.
एकदा तर केसांना चाटून गेली.

फोनला एक दांडी रेंज.
चौगुलेसाहेब कुडाळच्या ऑफिसातून म्हणाले,
"आता कोण येतंय तिकडे? राहू दे."
त्यांच्या भिंतीवर नकाशा आहे,
त्यात वाट लाल रेघेची.
राहू दे कसं?
दोन पांढऱ्या दगडांनी मीच बोट दाखवून ठेवलं होतं:
इथे. इथे बघ.
आणि वर समुद्रगरुड, पंख न हलवता.

बारा दगड उलटे केले, चुना खाली, शेवाळ वर.
वाट तेवढ्यापुरती पुसली.
बाराची मजुरी कापणार,
की उलटे करण्याचे वेगळे देणार,
ते विचारायचं राहिलंच.

उतरताना त्याने हात दिला.
माझ्या तळव्याचा चुना त्याच्या तळव्याला लागला,
त्याने पुसला नाही.
मी काही सांगितलं नव्हतं,
तो सुरयचं ओरडणं ऐकत असणार.
"किती आसत?"
"एकच."
"ती एकच घालता," म्हणाला.
"दुसरां घालीत नाय."
आणि नांगर ओढायला वाकला,
पहिल्यांदाच बेटाकडे तोंड करून,
किंवा दोर त्या बाजूला होता म्हणून.