शिल्लक रजा साडेतीन

वेणुगोपाल अन्नलदास, चौथी ब,
वहीचं मधलं पान फाडून अर्ज देतो :
आम्ही आठ दिवस सिद्दीपेटकडं गावाला जाऊलालो.
कारण, कारखाना बंद हाय.
खाली आईची सही,
कोपऱ्यात तंबाखूचा पिवळा अंगठा.

मी लाल पेन उघडते
आणि 'जाऊलालो'वर थांबते.

अंजम्मा दारात उभी. मांडीवर सूप नाही, विडीचं पान नाही,
हातांचं काय करावं तिला कळत नाहीये.
"दिवाळीत जायचं की," मी म्हणते, "तेव्हा शाळा बंद असते."
"दिवाळीत माग चालतेत बाई, रातपाळीसकट.
चादरीला गिऱ्हाईक असतंय तवा.
मालक आता मशिनी बदलूलालाय, म्हणून ह्यांना सुट्टी.
तुमची सुट्टी कॅलेंडरात,
आमची मालकाच्या खिशात."

कॅलेंडरात.
मी गप्प बसते.
गेल्या दिवाळीत मतदारयादी घेऊन
विडी घरकुलात दारोदार फिरत होते,
मयत की स्थलांतरित, विचारत.
लोक यादीवरच करंजी ठेवायचे.
मे महिन्यात प्रशिक्षण. एक पंखा, ऐंशी शिक्षक,
विषय : आनंददायी अध्यापन.

आणि रोजचं हे :
ताटं अडतीस, तांदूळ तोलून,
महानंदाची खिचडी आधी मी चाखायची, चव वहीत लिहायची,
हात धुणाऱ्या पोरांचा फोटो चढवायचा,
तो चढत नाही,
आधारवर अन्नलदासचं स्पेलिंग वेगळं,
ग्रुपवर टिंग : तात्काळ. आजच. पाचपर्यंत.
मधे जमलं तर
भागाकार.

माझ्याही रजा आहेत. हजेरीपत्रकाच्या मागे,
पेन्सिलीनं : शिल्लक साडेतीन.
अर्धी कुठं गेली ते आठवतं.
दाढ काढायला गेले होते. तोंड उघडं,
आणि हिरोळे सरांचा फोन,
"इंगळगी बाई, तांदळाची गाडी आलीय, किल्ली कुठाय?"
मी नुसतंच आ आ करत राहिले.

अक्कलकोटला आईचा डोळा
तीनदा पुढं ढकललाय.
ती फोनवर म्हणते, एका डोळ्यानं बी दिसतंय की गं.
डिसेंबर संपला की उरलेल्या रजा संपतात.
मोतीबिंदू तेवढा राहतो.

नवव्या दिवशी वेणू हजर.
काळा झालाय, केसांत गवताची काडी.
खिशातून एक सकिनालु काढतो, तांदळाचं कडं,
आणि उघड्या हजेरीवरच ठेवतो.
त्याच्या आठ फुल्यांभोवती
तेलाचं गोल उमटतं.
तपासणीला विचारतील, हे काय?
मी खाऊन टाकते. तिळाची चव दुपारभर जात नाही.

मधल्या सुट्टीत अर्ज लिहायला घेते.
'घरगुती कारणास्तव' लिहिते. खोडते.
मग एकदम :
आईकडं जाऊलाले.

सर चष्मा कपाळावर चढवतात.
"बाई, जोडवर्ग कोण बघणार?"
मग पुन्हा वाचतात. "आणि हे मराठी आहे?"

सोलापूरचं आहे, मी म्हणते.
सोमवार, मंगळवार, बुधवार.
अर्धी राहू द्या,
तांदळाची गाडी येईलच.