शुद्धिपत्र

आई, तुझ्या तिसऱ्या पुस्तकात, पान एकेचाळीसवर,
मी दारात उभी राहून रडते.
मी रडले नव्हते.
टोस्ट खात होते,
आणि वूस्टरच्या त्या बर्फात
इस्पितळाची गाडी मागे घेता घेता
मिसेस लिंडक्विस्टचं कुंपण मोडून गेली.
ते कुंपण तू कुठेच घेतलं नाहीस.

आजोबांचे बूट मात्र सात कवितांत.
झोपेच्या गोळ्या नऊ.
बाबांचं गप्प बसणं तर मोजवत नाही.

लोक विचारतात, फार सोसलंस का?
मी हो म्हणते.
तुझ्या शब्दांत सोपं जातं.

परवा हॅटीने विचारलं, आजी कशी गेली त्या दिवशी?
सांगितलं: बर्फ होता, मी दारात रडत होते.
टोस्टचं
राहूनच गेलं.